थेंबे थेंबे तळे न साचे

मी मुळात साठवणारी बाई आहे. घरात इन्सुलिनचं एक पेन चालू असलं की दुसरं बंद डबीत असायलाच हवं, औषधाची पट्टी निम्मी संपली की नवी आणायलाच हवी. टाईप १ मधुमेहासोबत, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही अशा आजारासोबत, इतकी वर्षं काढल्यावर ही सवय नसती लागली तरच नवल. अशा बाईच्या कमरेला चार महिन्यांपूर्वी इन्सुलिन पंप, म्हणजे नळीतून अंगात इन्सुलिन सोडत राहणारं छोटं यंत्र, आला, आणि त्याचा स्वभाव माझ्या अगदी उलटा निघाला.

पूर्वी रोज रात्री लांब पल्ल्याच्या इन्सुलिनचं एक इंजेक्शन घ्यायचे. ते कातडीखाली साठून राहायचं आणि दिवसभर हळूहळू रक्तात उतरायचं. म्हणजे कणगी भरून ठेवली, आता उद्या रात्रीपर्यंत चिंता नाही. जेवणाची इंजेक्शनं वेगळी, पण पाठीशी कणगी आहे हा दिलासा मोठा होता. पंपात लांब पल्ल्याचं इन्सुलिन नसतंच. फक्त झटपट काम करणारं, आणि तेच चिमूट-चिमूट चोवीस तास. त्याला बेसल म्हणतात. सगळा कारभार हातावर पोट असल्यासारखा: आत्ता मिळालं ते आत्ता वापरलं.

बरं, थेंब-थेंब म्हणावं तर तेही खरं नाही. माझा दुपारचा बेसल तासाला ०.७ युनिट आहे. एका मिलीलिटरमध्ये १०० युनिट, आणि साधारण वीस थेंबांचा एक मिलीलिटर. म्हणजे एक थेंब पाच युनिटांचा झाला, आणि तो पुरा व्हायला पंपाला सात तास लागतात! हा हिशेब मी एकदा रात्री झोप येत नव्हती म्हणून केला आणि मग उरलीसुरली झोपही उडाली. एवढ्याशा ओलाव्यावर माणूस उभा आहे.

याची किंमत कळली ती आंघोळीच्या दिवशी. आंघोळीला जाताना नळी पोटावरच्या कॅन्युलापासून, म्हणजे कातडीखाली बसवलेल्या बारीक नळीपासून, सोडवता येते. तासभर सुटी असली तर फारसं बिघडत नाही. मी आंघोळ केली, आवरलं, पंप खिशात घातला (खिसा असलेले कपडे शोधणं हा बायकांसाठी एक वेगळाच विषय आहे, तो पुन्हा कधीतरी), नाश्त्याच्या आधी सहा युनिटांचा बोलस, म्हणजे खाण्यासाठीचा एकरकमी डोस, दिला आणि कामाला लागले. नळी जोडायची राहून गेली होती. पंपाला त्याचं काय! नळीत अडथळा आला तर तो ओरडतो, पण नळीच्या टोकाला मी आहे की खिशाचं कापड, हे त्याला कळत नाही. तीन तासांनी तोंडाला कोरड पडली, तपासलं तर शुगर ३१८. खिशापाशी एक ओलसर ठिपका आणि दवाखान्यासारखा वास. इन्सुलिन टिकावं म्हणून त्यात जे घालतात त्याचा तो वास. केटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळताना तयार होणारी आम्लं) तपासले, नशिबाने नावापुरतेच होते. पेनाने असं काही तासांत झालं नसतं, कारण कणगीत काहीतरी असतंच. पंपावर इन्सुलिन थांबलं की काही तासांतच शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्त आंबायला लागतं.

मग मी घाबरून दुसऱ्या टोकाला गेले. एका संध्याकाळी जेवणानंतर शुगर २४० दिसली. बोलस दिला. पाऊण तासाने बघितलं, २३५. पुन्हा दिला. पंपाचं गणित सांगत होतं की आधीच्या डोसातलं बरंच इन्सुलिन अजून अंगात शिल्लक आहे, नवीन नको. त्याचं न ऐकता मी आकडा हाताने वाढवला. पंपवाल्या मंडळींत याला ‘रागाचा बोलस’ म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे. झटपट इन्सुलिन म्हटलं तरी त्याचा अंमल चारेक तास चालतो, आणि दिलेलं परत काढून घेता येत नाही. दोन तासांनी हात थरथरत होते, कपाळावर घाम, शुगर ५८. पंधरा ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. ती पंधरा मिनिटं कुणी घड्याळात मोजू नयेत. जिथे तळं नको होतं नेमकं तिथे मी ते साठवून दाखवलं.

एक मात्र कबूल करायला हवं. पहाटे शरीरातली संप्रेरकं यकृताला साखर सोडायला लावतात, त्यामुळे रात्री काही न खाताही मी सकाळी १९० वर उठायची. पेनाला पहाट कळत नव्हती. पंपाला मी सांगून ठेवलंय, चारपासून ०.९ सोड. आता सकाळ ११० च्या आसपास उजाडते. शुगर मोजणारा सेन्सर बघून बेसल आपणहून कमीजास्त करणारे पंपही आता आहेत. माझा तितका शहाणा नाही, सांगितल्या कामाचा आहे.

सगळ्यात जिवावर येतं ते दर तीन दिवसांनी नळी आणि कॅन्युला बदलणं. सुई टोचते म्हणून नव्हे. पंपातल्या जुन्या साठवणीत वीस-तीस युनिट उरलेले असतात, ते टाकून द्यायचे. शरीराच्या उबेला राहिलेलं इन्सुलिन मंदावतं, म्हणून टाकायचंच. मला दर वेळी टोरांटोतला लिओनार्ड थॉम्पसन आठवतो. १४ वर्षांचा मुलगा, जानेवारी १९२२ मध्ये इन्सुलिन मिळालेला पहिला रुग्ण. तेव्हा ते गुरांच्या स्वादुपिंडातून काढत, आणि हाती लागे ते फारच तुटपुंजं. आणि मी इथे कचऱ्याच्या डब्यापाशी नळी धरून उभी. नवरा म्हणतो, “अगं, टाक आता.” टाकते.

लांब पल्ल्याची दोन पेनं मात्र फ्रिजच्या दारात आहेत. पंप बंद पडलाच तर असावीत म्हणून डॉक्टरांनीच ठेवायला सांगितली आहेत. गेल्या महिन्यात मुदत बघायला काढली, मुदत होती. तरी दोन नवी आणली. आता चार आहेत.