बाबा दिवा मालवतात तेव्हा

आमचं गावचं घर चिऱ्याचं, देवगडजवळ. दीड फूट जाड भिंती. पुढून मागे ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि बाहेर न्हाणीघरावर पाण्याची टाकी. ती भरून वाहायला लागली की आई पंप बंद करायला धावते, म्हणून गणपतीत मी टाकीला झिगबीचा सेन्सर लावला. झिगबी म्हणजे घरातल्या उपकरणांची कमी विजेत चालणारी बिनतारी भाषा. दारांना आणखी चार. पुण्याला परतलो, आणि रोज रात्री नऊच्या सुमारास टाकीची खबर गायब!

नऊ वाजता बाबा मागच्या पडवीतला दिवा मालवतात. भिंतीवरच्या बटणाने, खटकन. तो होता स्मार्ट बल्ब, आणि टाकीचा निरोप त्याच्याच मार्फत पुढे जायचा. झिगबीत विजेवरची उपकरणं दुसऱ्यांचे निरोप पुढे पोचवतात. सेलवरचा सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला, तो फक्त आपल्यापुरतं बोलतो. बल्ब गेला की टाकी मुकी. आता बाबांना "दिवा चालूच ठेवा" सांगायची माझी तरी हिंमत नाही.

दिवाळीत गेलो तेव्हा साधे बल्ब परत लावले आणि निरोप्याचं काम तीन स्मार्ट प्लगना दिलं. तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर, कारण आमच्याकडे वीज कधीही जाते. पहिला प्लग मी फ्रिजमागे दडवला होता. शुद्ध मूर्खपणा; फ्रिज म्हणजे लोखंडी कपाटच की! तो माजघराच्या दाराशी आणला. आमची दारं एका रेषेत आहेत, वारा खेळावा म्हणून. लहरींनाही तीच वाट सोयीची, पावसात भिजलेल्या चिऱ्यापेक्षा कितीतरी.

आणखी एक घोळ माझाच. झिगबीचा डोंगल, म्हणजे सगळे निरोप शेवटी जिथे पोचतात ती छोटी कांडी, थेट कॉम्प्युटरच्या यूएसबी ३ पोर्टात खोचला होता. त्या पोर्टाचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झमध्ये, म्हणजे झिगबीच्याच पट्ट्यात येतो. दीड मीटरची केबल लावून डोंगल लांब नेला. वायफाय १ नंबरच्या चॅनेलवर आणि झिगबी ११ वर, म्हणजे नंबर वेगळे दिसले तरी दोघं एकमेकांच्या उरावर. झिगबी २५ वर नेलं. त्यापायी पाचही सेन्सर स्टुलावर चढून पुन्हा जोडावे लागले, जिथल्या तिथेच.

मग एकेक प्लग उपटून पाहिला. माजघरातला काढला, थोड्या वेळाने टाकी दुसऱ्या वाटेने बोलली. स्वयंपाकघरातला काढला, आणि टाकी गप्प ती गप्पच.

"तो तर मी रोज काढते," आई म्हणाली. "मिक्सर कुठे लावू मग?"

चौथा प्लग मागच्या पडवीत लावला, बाबांच्या बटणापासून लांब.