तोर्नेत्रेस्कच्या पाइनवनात वलयांचे नमुने: मागून जाणाऱ्यांसाठी

उत्तर स्वीडनमधल्या तोर्नेत्रेस्क सरोवराच्या परिसरात वृक्षवलयांचे (खोडात दरवर्षी एक अशी वाढणाऱ्या कड्यांचे) नमुने घ्यायला जायचं तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरावा. आम्ही तोच धरला. जूनअखेरपासून ऑगस्टपर्यंत डास सुचू देत नाहीत, हे झालं वरवरचं कारण. खरं कारण लाकडात आहे. स्कॉट्स पाइनच्या वलयाची रुंदी बहुतांशी जुलैच्या ऊबेवर ठरते. पण वलयाच्या शेवटच्या गडद पट्टीतल्या पेशींच्या भिंती ऑगस्टभर आणि त्यानंतरही जाड होत राहतात. उन्हाळा थंड गेला की या भिंती पातळ राहतात आणि पट्टी फिकी पडते. तापमानाची सगळ्यांत स्वच्छ नोंद इथे मिळते. जुलैत नमुना काढला तर ही पट्टी तयारच झालेली नसते, आणि सालीखालचं अर्धवट वलय मागच्या पूर्ण वर्षाचं समजून मोजलं तर अख्खी मालिका एका वर्षानं सरकते. ऑक्टोबरात बर्फ सुरू होतो. गोठलेल्या लाकडात बोअरर (खोडातून नमुना काढायचं हातानं फिरवायचं पोकळ गिरमिट) अडकतो, मोडतोही.

पोहोचणं सोपं आहे. किरुनापर्यंत विमान किंवा स्टॉकहोमहून रात्रीची रेल्वे, आणि तिथून नार्विककडे जाणारी रेल्वे किंवा ई-१० रस्ता. सरोवराकाठच्या आबिस्को गावाला दोन स्टेशनं आहेत: ‘आबिस्को ओस्त्रा’ला गाव आणि दुकान, तर ‘आबिस्को तुरिस्तस्टेशन’ला राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशद्वार. रेल्वेनं जाता येतं, पण काम गाडीशिवाय होत नाही. आबिस्कोत खिडकीतून दिसतं ते जवळजवळ सगळं बर्चचं जंगल असतं. पाइन तुरळक ठिकाणीच आहेत, ते शोधत फिरावं लागतं.

समोर आहे म्हणून बर्चच घेऊ, हा मोह आवरावा. बर्चची पानं खाणाऱ्या पतंगाच्या अळ्यांची साथ तिथे साधारण नऊ-दहा वर्षांनी येते. १९५४-५५च्या साथीनं आबिस्कोतली झाडं उघडीबोडकी केली होती. अशा वर्षाचं अरुंद वलय थंडीचं नसून अळ्यांचं असतं.

परवानगीचं काम निघण्याच्या कितीतरी आधी सुरू करावं. स्वीडनमध्ये कुणाच्याही जंगलात फिरायचा हक्क सगळ्यांना आहे, पण उभ्या झाडाला भोक पाडायचा नाही. जमिनीच्या मालकाची संमती लागते. संरक्षित क्षेत्र असेल तर परगण्याच्या प्रशासनाची लेखी परवानगी. आबिस्को राष्ट्रीय उद्यान १९०९ पासूनचं आहे, तिथे नियम कडक आहेत. हा सगळा भाग इथल्या मूळनिवासी सामी लोकांच्या रेनडिअर पाळण्याचाही आहे. कळप जवळ असेल तर त्या दिवशी दुसरीकडे जावं.

निम्मं काम झाड निवडण्यात आहे. वृक्षरेषेजवळचा (जिच्या वर झाडं वाढत नाहीत त्या सीमेजवळचा) उंचावरचा, पाण्याचा निचरा होणारा, खडीचा उतार बघावा. दलदलीतलं झाड टाळावं. त्याची वाढ तापमानाइतकीच पाण्याच्या पातळीवर चालते. म्हातारं पाइन उंचीवरून ओळखू येत नाही: शेंडा चपटा किंवा गोल, फांद्या जाड आणि वाकड्या, सालीच्या मोठ्या थाळ्या. तीन-चारशे वर्षांचं झाड मांडीएवढ्या जाडीचंही असू शकतं. आगीचे व्रण असलेली, शेंडा मोडलेली, रस्त्याकडेची झाडं सोडून द्यावीत. शेजारची झाडं तोडली गेली की उरलेलं झाड एकदम फोफावतं, आणि ती वाढ आलेखात ऊब म्हणून दिसते.

बोअररचे तीन भाग: मूठ, पोकळ दांडा आणि कोअर, म्हणजे लाकडाची काडीसारखी नमुना-कांडी, बाहेर काढायची पातळ पन्हळ. ५.१५ मिमी व्यासाचा कोअर नेहमीच्या कामाला पुरतो. दांड्याची लांबी खोडाच्या व्यासाच्या पाऊणपट असली की मध्य गाठता येतो. इथल्या झाडांना ३०० ते ४०० मिमी चालतो. पाइनसारख्या मऊ लाकडाला तीन आट्यांचं टोक बरं. पहिले आटे धरेपर्यंत छातीनं दाब द्यावा, नंतर फक्त फिरवावं. आट्यांना मधमाशीचं मेण लावावं.

भोक छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३ मीटरवर, खोडाला काटकोनात, आणि उताराला आडवं पाडावं. हे आडवेपण महत्त्वाचं. उतारावरचं सूचिपर्णी झाड स्वतःला सरळ ठेवायला खालच्या बाजूनं घट्ट, तांबूस लाकूड वाढवतं. त्या बाजूचा कोअर काढला तर गडद पट्टी जाड दिसते आणि थंड उन्हाळेही उबदार वाटू लागतात. एका झाडाचे समोरासमोरच्या बाजूंनी दोन कोअर घ्यावेत, एका जागेवर किमान वीस झाडं. मध्य गाठला की पन्हळ कोअरखाली पूर्ण सरकवावी, बोअरर उलटा एक फेरा फिरवावा म्हणजे कोअर तुटतो, आणि पन्हळ ओढून घ्यावी. बोअरर लगेच बाहेर काढावा. खोडात ठेवून डबा उघडत बसलं की लाकूड त्याला आवळून धरतं. भोक बुजवायची गरज नाही, झाडाची राळ ते काम करते.

कोअर खरखरीत किंवा स्क्रूसारखा पिळलेला निघाला तर धार गेली आहे, तिथेच थांबावं. दांड्यात तुकडा अडकला तर पन्हळ ठोकू नये, ती वाकते. टोकाकडून बारीक लाकडी काडी घालून मुठीकडे ढकलावा; टोक आतल्या पोकळीपेक्षा अरुंद असल्यामुळे उलट दिशेनं तुकडा आणखी घट्ट बसतो.

कोअर कागदी स्ट्रॉमध्ये ठेवावा. प्लॅस्टिकमध्ये दोन दिवसांत बुरशी येते, आणि रंगावर मोजमाप करायचं असेल तर तो नमुना वाया गेला. स्ट्रॉवर जागा, झाड, बाजू आणि तारीख पेन्सिलीनं लिहावी. शाई ओलाव्यानं पसरते.

वाळलेला कोअर खाचेच्या पट्टीत पाण्यात विरघळणाऱ्या गोंदानं बसवावा, लाकडाचे तंतू उभे ठेवून. या म्हाताऱ्या झाडांच्या तंतूंना पीळ असतो. कोअर वाकडा आला तर वाफ देऊन सरळ करावा. मग पॉलिश पेपर १२० पासून चढत ६०० पर्यंत. इथली वलयं अनेकदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात, घासकाम कच्चं राहिलं तर ती एकमेकांत मिसळतात.

गडद पट्टीची घनता मोजायला क्ष-किरण यंत्र हाताशी नसेल तर स्कॅनर चालतो. गडद पट्टी निळा प्रकाश शोषते, त्यावरून घनतेचा अंदाज घेता येतो. ही रीत २००२ नंतर रुळली. पण आधी अॅसिटोननं राळ काढून टाकावी लागते, रंगांच्या प्रमाणित कार्डावर स्कॅनर जुळवावा लागतो, वरून काळं झाकण घालून बाहेरचा प्रकाश तोडावा लागतो. घासताना पेशींत भरलेली धूळ हवेच्या फवाऱ्यानं काढावी. पाइनची खरी अडचण आतल्या लाकडाच्या तांबूस रंगाची आहे. बाहेरचं लाकूड फिकं, आतलं गडद. त्यामुळे जुनी वर्षं खोटी उबदार दिसतात. गडद पट्टीच्या आकड्यातून त्याच वलयाच्या फिक्या पट्टीचा आकडा वजा केला की ही चूक बरीच कमी होते, पूर्ण जात नाही. शंभर वर्षांहून लांबचा कल या रीतीनं मांडताना आम्ही तरी हात आखडता घेतो.

प्रत्येक वलयाला वर्ष लावताना १६०१चं वलय हा खात्रीचा खांब. फेब्रुवारी १६०० मध्ये पेरूतल्या हुआयनापुतिना ज्वालामुखीचा उद्रेक झाला, आणि पुढच्या वर्षी या जंगलांतल्या वलयांची गडद पट्टी जवळजवळ नाहीशी झाली. अलीकडची खूण हवी तर १९०२चा थंड उन्हाळा बघावा. अशा वर्षी काही झाडांत वलय एका बाजूला बनतच नाही, म्हणून एका कोअरवर नुसती मोजणी करून वर्ष ठरवू नये. कोफेचा किंवा आर प्रणालीतलं डीपीएलआर हे संगणक-प्रोग्रॅम ५० वर्षांचे तुकडे एकमेकांशी ताडून शंकास्थानं दाखवतं. निकाल मात्र सूक्ष्मदर्शकाखाली लाकूड बघूनच द्यावा.

आबिस्कोच्या संशोधन केंद्रात १९१३ पासून तापमान नोंदलं जातं. इतक्या उत्तरेला, वृक्षरेषेच्या इतक्या जवळ असा शतकभराचा आकडा क्वचितच मिळतो. त्याचे दोन भाग करावेत: एकावर वलयांवरून तापमान काढायचं समीकरण बसवायचं, दुसऱ्यावर तपासायचं. रुंदीची मालिका मागच्या वर्षाची आठवण बरोबर घेऊन चालते. घनतेत ती फारच कमी असते. म्हणून दोन्ही काढता आल्या तरी तापमानासाठी भर घनतेवर द्यावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवर काम होतं, तिथे प्रश्न मुख्यतः पावसाचा असतो. त्या सवयीनं इथे रुंदीवरच थांबू नये.

झाडाचं वय वाढेल तशी वलयं आपोआप बदलतात; हा वयाचा परिणाम काढून टाकणं हा या जागेचा जुना वादाचा विषय आहे. प्रत्येक झाडाला स्वतंत्र वक्र बसवला तर झाडाच्या आयुष्याहून लांबचे चढउतार पुसले जातात. सगळ्या झाडांचा मिळून एकच वक्र काढला तर ते टिकतात, पण मग प्रत्येक झाडाचं वय आणि मध्यापर्यंतचं अंतर माहीत लागतं. कोअर मध्याला चुकला असेल तर आतल्या वलयांच्या वळणावरून ते अंतर काढून लिहून ठेवावं. वृक्षवलयांचे संशोधक कीथ ब्रिफा आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये इथल्या लाकडातून १४०० वर्षांच्या उन्हाळ्यांची मालिका मांडली, १९९२ मध्ये हीच अडचण ओळखून ती नव्यानं काढली. हॉकान ग्रुड यांनी २००२ मध्ये सरोवरांच्या तळातल्या जुन्या ओंडक्यांच्या आधारे रुंदीची मालिका ७४०० वर्षांपर्यंत नेली. २०१३ मध्ये टॉम मेल्व्हिन आणि सहकाऱ्यांनी घनतेचे आकडे परत तपासले, तेव्हा जुन्या मालिकेला नवे नमुने जोडताना अलीकडचा कल कसा बिघडू शकतो ते दिसलं. तेव्हा आपले कोअर या मालिकेला थेट चिकटवू नयेत. आधी दोन्हींची सामाईक वर्षं घेऊन सरासरी आणि चढउतारांचा आवाका जुळतो का ते पाहावं, आणि कोणतं यंत्र, कोणतं पॉलिश, कोणती जागा याची नोंद प्रत्येक मालिकेसोबत ठेवावी.

परतताना बोअरर चेक-इन सामानात टाकावा, हातातल्या बॅगेत तो सुरक्षा तपासणीत अडतो. सालीसकट लाकूड भारतात आणायला वनस्पती-संगरोधाचे नियम लागतात. त्यांची चौकशी निघण्याआधीच करावी. शक्य असेल तर घासणं आणि स्कॅन तिथेच उरकून कोअर तिथल्या संग्रहात ठेवावेत, मोजायला चित्रं पुरतात.