ड्रम अँड बेसचं काळं कव्हर: बारा इंची सेट, सराव-नोंद ३

ड्रम अँड बेस या वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या बारा इंची रेकॉर्डसाठी लेबल, पाकीट आणि फ्लायर असा छापील सेट सरावासाठी बनवतोय. कुठवर आलंय: रेकॉर्डच्या मधलं गोल कागदी लेबल पक्कं झालं. हाउस बॅगची (कंपनीच्या सगळ्या रेकॉर्डसाठीचं एकच पाकीट) कीलाइन, म्हणजे कापायच्या-दुमडायच्या रेषांचा आराखडा, तिसऱ्यांदा बदलल्यावर बसली. ए६ फ्लायरचे (कार्यक्रमाचं हातपत्रक) दोन प्रूफ, म्हणजे चाचणी-छाप, निघाले, दोन्ही बाद. देवनागरी शब्दचिन्ह अजून अडलेलंच आहे. रेकॉर्ड कंपनी काल्पनिक, पण मापं आणि रीत १९९४ ते ९८ च्या लंडन-ब्रिस्टलची.

सुरुवात गोल लेबलापासून, कारण या संगीतात खरं कव्हर तेच. बहुतेक बारा इंची सिंगल एकाच छापील पाकिटात यायच्या. मध्ये भोक, त्यातून लेबल दिसणार. प्रत्येक रेकॉर्डसाठी वेगळं पाकीट छापायचं तर खर्च परवडत नसे, म्हणून कंपनी एकदाच हजारोंनी हाउस बॅग छापून ठेवायची. परिणाम असा की चित्राची जागा बोधचिन्हाने घेतली. गोल्डी, केमिस्ट्री आणि स्टॉर्म या डीजेंनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या मेटलहेड्झ कंपनीची हेडफोनवाली कवटी घ्या, किंवा रॅम रेकॉर्ड्सचा मेंढा. दुकानातल्या रॅकमध्ये पाच पावलांवरून ओळखू यायचं, नाव वाचावं लागत नसे.

लेबलाचा व्यास १०० मिमी, मधलं भोक साधारण ७ मिमी. बाहेरच्या कडेपासून ३ मिमी आणि भोकापासून ८ मिमी आत काहीही महत्त्वाचं ठेवलं नाही. कॅटलॉग क्रमांक १६ पॉइंट ठळक, ट्रॅकचं नाव ९ पॉइंट. हे प्रमाण उलटं वाटेल, पण बूथमध्ये अंधार असतो आणि डीजे बॅगेतून रेकॉर्ड काढताना क्रमांक आणि बाजू एवढंच बघतो. म्हणून ए आणि बी हे अक्षर भोकाच्या डावीकडे, प्रत्येक वेळी त्याच जागी. या क्रमांकांच्या आद्याक्षरांतही कंपन्यांची मिजास दिसते: मेटलहेड्झचं एमईटीएच, रॅमचं आरएएमएम आणि हॉस्पिटल रेकॉर्ड्सचं एनएचएस, म्हणजे थेट ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा.

पूर्ण काळं लेबल करायचा मोह आवरा. लेबल गोंदाने चिकटवत नाहीत, तापलेल्या व्हिनायलसोबतच दाबतात. त्याआधी कागद भट्टीत वाळवतात, कारण ओल राहिली तर वाफ होऊन फोड येतात. शाईचा जाड थर उशिरा सुकतो आणि दाबताना साच्याला चिकटू शकतो. त्यात कागद अनकोटेड (लेप नसलेला), त्यामुळे काळा काळा न राहता राखाडी पडतो. आमच्या दुसऱ्या आवृत्तीत काळा फक्त बाहेरच्या २२ मिमी पट्ट्यात ठेवला, आत कोरा कागद. दिसतंही जास्त जुन्या धाटणीचं. काळ्यातली उलटी (कोरी सोडलेली) रेघ ०.३ मिमीपेक्षा बारीक नको, शाई पसरून बुजते.

हाउस बॅगने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. पाकीट ३१५ x ३१५ मिमी, भोक १०५ मिमी, बरोबर मध्यावर. पहिल्या डिझाइनमध्ये पाकिटावरची वर्तुळं लेबलावरच्या वर्तुळांना जोडली होती. पडद्यावर झकास. प्रत्यक्षात रेकॉर्डचा व्यास ३०१ मिमी, आणि पाकीट उभं केलं की रेकॉर्ड खाली सरकून बसते. पाकिटाचा मध्य तळापासून १५७.५ मिमीवर, रेकॉर्डचा १५०.५ वर. म्हणजे ७ मिमीचा फरक, आणि आडवं सरकणं वेगळंच. वर्तुळं जुळायचा प्रश्नच नाही. १०५ मिमी भोकाच्या तळाशी लेबलाची कडही झाकली जाते. भोक खाली सरकवलं तर टेबलावर आडवं ठेवल्यावर वाकडं दिसतं. शेवटी पाकीट आणि लेबल यांचा एकमेकांशी रेषेने संबंधच ठेवला नाही, फक्त रंगाने. जुनी पाकिटं पुन्हा काढून बघितली तर बहुतेकांनी हेच केलंय.

टाइप. 'फ्युचरिस्टिक' म्हणून ज्या अक्षरांकडे हात जातो ती सगळी म्हातारी आहेत: बँक गॉथिक १९३० चं, मायक्रोग्रामा १९५२ चं, युरोस्टाइल १९६२ चं, हँडल गॉथिक १९६५ चं. वापरायला हरकत नाही. चूक होते ती साधं युरोस्टाइल आडवं १३० टक्के ताणण्यात. उभे दांडे जाड होतात, आडवे तेवढेच राहतात, आणि कोपऱ्याची गोलाई अंडाकृती होते. एक्स्टेंडेड कट (मुळात रुंद आखलेला) मिळतो, तोच घ्या. नसेल तर मायक्रोग्रामा, ते मुळातच रुंद. आणि एक तक्रार: असं काहीही दिसलं की लोक 'डिझायनर्स रिपब्लिक' म्हणून मोकळे होतात. तो शेफील्डचा डिझाइन स्टुडिओ, नाव झालं वॉर्प रेकॉर्ड्सच्या कव्हरांनी आणि १९९५ च्या वाइपआउट या गेमने. नातं आहे, पण ते शेजाऱ्याचं.

क्रोम (चकाकत्या धातूसारखं) बोधचिन्ह जमलं, पण एका अटीवर. ग्रेडियंटचे (रंगातून रंगात उतरत जाणं) पाच थांबे, टक्क्यांत: ० वर पांढरा, ३० वर फिकट निळा, ४८ वर गडद निळा, ५० वर काळा, १०० वर फिकट राखाडी. ४८ ते ५० मधली ती उडी म्हणजे क्षितिज. ती अचानक नसली तर धातू वाटत नाही, प्लास्टिक वाटतं. १५० मिमी रुंदीला उत्तम. ३० मिमीला चिखल. त्यामुळे आता क्रम उलटा केलाय: आधी सपाट एकरंगी चिन्ह, ते १५ मिमीला छापून साध्या झेरॉक्सवर दोनदा काढायचं, वाचता आलं तरच क्रोम चढवायचा. डिजिटल कव्हर ३००० पिक्सेल चौरस बनवलं तरी चाचणी ६४ पिक्सेलवर. तिथेही सपाट चिन्हच टिकतं.

आता फ्लायरचे बाद प्रूफ. पहिल्यात पार्श्वभूमी नुसती के १०० (शंभर टक्के काळी शाई) होती, धुतलेल्या पाटीसारखी दिसली. दुसऱ्यात सी (सायन) ६०, एम (मजेंटा) ४०, वाय (पिवळा) ४०, के १००, एकूण शाई २४० टक्के, आर्टकार्डवर छान खोल काळा. पण रजिस्ट्रेशन (रंगांची एकमेकांवरची जुळणी) थोडं हललं आणि काळ्यातून कोरलेल्या ६ पॉइंटच्या पांढऱ्या अक्षरांच्या कडांना गुलाबी-निळी झाक आली, काही पोटं बुजली. उपाय: अक्षरांभोवती सीएमवाय तिन्ही ०.१५ मिमी मागे ओढायचे, कड फक्त के ने धरायची. बारीक मजकूर ७ पॉइंटच्या खाली नको, तोही मध्यम वजनाचा. ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई) ३ मिमी.

निऑन हिरवा चार रंगांत येत नाही, कितीही ओरडा. ती शाई स्वतः प्रकाश परत फेकते, सायन-पिवळ्याने ते होणार नाही. पाचवी प्लेट, पँटोन ८०२ (तयार निऑन हिरवी शाई). ही शाई पारदर्शक असते, काळ्यावर ओव्हरप्रिंट केली तर गायब होते. खाली नॉकआउट, म्हणजे काळ्यात कोरी सोडलेली जागा, लागतोच. काळ्या कागदावर स्क्रीन प्रिंट करणार असाल तर आधी पांढरा थर, मग निऑन दोन हात.

चित्राच्या बाबतीत एका कागदावर एकच घराणं. नव्वदीच्या सुरुवातीच्या रेव्ह (रात्रभराच्या नृत्यपार्ट्या) फ्लायरचं एअरब्रश स्वप्नचित्र (चित्रकार ज्युनियर टॉमलिन यांची कामं बघा), नंतरच्या टेकस्टेप या कडक उपशैलीचं गंजकं यंत्र, लिक्विड या मुलायम उपशैलीचे सपाट उजळ रंग. तिन्ही एकत्र केले की शाळेच्या गॅदरिंगचं पोस्टर होतं. मागच्या बाजूला नावांची उतरंड: डीजे मोठे, नावापुढे कंपनी लहान अक्षरात, एमसी (माइकवर बोलणारे) वेगळ्या ओळीत. एमसींना डीजेंच्या यादीत कोंबणं ही नवख्याची खूण.

देवनागरीत गंमत आहे आणि डोकेदुखीही. रुंद चौकोनी साच्यात शिरोरेषा आयती मिळते, पण वर मात्रा आणि खाली 'ड्र' मधला र, दोघांना उंची लागते, त्यामुळे पट्टी बसकी राहत नाही. मात्रा ४५ अंशांची सरळ फीत केली, शिरोरेषा दांड्याच्या ०.८ जाडीची ठेवली. खरा घोटाळा 'ब' चा. पोट चौकोनी आणि अरुंद केलं की आतली तिरपी रेघ बुजते आणि 'बेस'चा 'वेस' होतो. रेघ बारीक केली तर बाकी अक्षराशी फटकून वागते. सध्या पोट दीडपट रुंद करून बघतोय. लॅटिन अक्षरांवर शिरोरेषा ओढून 'भारतीय' करणं मात्र नको. लंडनच्या हॉक्स्टन स्क्वेअरमधल्या ब्लू नोट क्लबमध्ये रविवारी मेटलहेड्झची आणि सोमवारी तबलावादक तलवीन सिंग यांची 'अनोखा' रात्र चालायची. इतकी जवळची ओळख असताना नकली लिपीची गरज काय.

बाकी: 'ब' ची पाचवी आवृत्ती, पाचव्या प्लेटचा भाव, आणि हाउस बॅगचा डाय (कापायचा साचा). पाकिटाची चिकटवायची पट्टी १५ मिमीची ठेवलीये, १२ ची उकलत होती.