नॅनोट्यूबचा सेन्सर करताना

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला कार्बन नॅनोट्यूबचा, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा, विषय मिळाला तेव्हा सगळी करामत त्या काळ्या भुकटीचीच असणार असं वाटलं होतं. प्रत्यक्षात निम्मा वेळ इलेक्ट्रोड घासण्यात गेला.

आम्हाला डोपामिन, म्हणजे मेंदूतलं संदेशवाहक रसायन, मोजायचं होतं, तेही व्हिटॅमिन सी सोबत असताना. साध्या ग्लासी कार्बनच्या (काचेसारख्या गुळगुळीत कार्बनच्या) इलेक्ट्रोडवर दोघांचं ऑक्सिडेशन जवळपास एकाच व्होल्टेजला होतं आणि आलेखात एकच पसरट उंचवटा येतो. शरीरात व्हिटॅमिन सी कितीतरी पटींनी जास्त, म्हणजे डोपामिन त्यात बुडूनच जातं.

इलेक्ट्रोड घासायला आधी ०.३ आणि मग ०.०५ मायक्रॉनची अ‍ॅल्युमिनाची बारीक पूड. ओल्या पॅडवर इलेक्ट्रोड उभा धरून आठच्या आकड्यात फिरवायचा, मग ध्वनिलहरींनी साफ करणारा सोनिकेटर. नंतर पृष्ठभाग तपासायला फेरीसायनाइडच्या द्रावणात सायक्लिक व्होल्टॅमोग्राम, म्हणजे व्होल्टेज पुढे-मागे नेत काढलेला विद्युतप्रवाहाचा आलेख. त्यातल्या दोन पीकमधलं (टोकांमधलं) अंतर सिद्धांतानुसार ५९ मिलिव्होल्ट. ७०च्या आसपास आलं की सर मान डोलवायचे, शंभरच्या वर गेलं की परत पॅड. कंटाळवाणं काम, पण इथे घाई केली तर पुढचा एकही आकडा भरवशाचा नाही.

नॅनोट्यूब सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात उकळल्या की त्यांच्यावर कार्बोक्सिल गट येतात. धुणं मात्र संपता संपत नाही. पीएच ७ला हे गट ऋणभारित असतात आणि डोपामिन धनभारित, म्हणून ते ओढलं जातं. व्हिटॅमिन सी स्वतःच ऋणभारित, ते लांब राहतं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

डीएमएफ या द्रावकात मिसळलेल्या नॅनोट्यूबचा थेंब इलेक्ट्रोडवर सोडला आणि कोल्हापूरचा जुलै आडवा आला. डीएमएफ आधीच सावकाश उडतं, थर कडेला जाड आणि मधे विरळ. शेवटी थेंब लहान केला आणि दिव्याखाली वाळवला. मग डीपीव्हीत, म्हणजे व्होल्टेजचे छोटे स्पंद देऊन मोजायच्या पद्धतीत, दोन सुटे पीक आले, व्हिटॅमिन सीचा आधी आणि डोपामिनचा नंतर. लॅबमधला एकजण ओरडलाच, ‘नाद खुळा!’

डोपामिनचं द्रावण रोज ताजं करावं लागे. हवेत ते तपकिरी पडतं. खरा नमुना म्हणून इंजेक्शनची अ‍ॅम्प्यूल घेतली. सरांचं पत्र दाखवल्याशिवाय औषधवाला देईना, आणि त्याचं बरोबरच होतं. लेबलवर ५ मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम, म्हणजे भरपूर पातळ करावं लागलं. उत्तर लेबलच्या जवळ आलं. रक्ताकडे आम्ही वळलो नाही. त्यातली प्रथिनं इलेक्ट्रोडवर चिकटून बसतात, वर नॅफिऑन या पॉलिमरचा थर देऊन बघावं लागेल. ते पुढच्या बॅचकडे दिलंय.