नकाशातले पार्किंग आणि दारातले पार्किंग

पुण्यात एरंडवण्यात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जुना बंगला पाडून त्या जागी व्यापारी इमारत उभी राहिली आहे. तळमजल्यावर दुकाने आणि वर दवाखाने व कार्यालये येणार आहेत. इमारतीला भोगवटापत्र, म्हणजे ती वापरायला महापालिकेची परवानगी, अजून मिळालेले नाही, आणि म्हणूनच तिच्या पार्किंगविषयी आत्ता लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण ते पत्र एकदा हाती पडले की दाद मागण्याची वाट फार लांबची होते.

निवासी भागात अशी इमारत येतेच कशी आणि आम्हाला कोणी विचारले कसे नाही, हा अनेक शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार विकास आराखडा तयार होत असताना नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात; पुढे एखाद्या भूखंडाचा झोन, म्हणजे आराखड्यात ठरवून दिलेला वापर, बदलायचा झाला तर कलम 37 खाली पुन्हा जाहीर सूचना निघते. मात्र पुरेशा रुंदीच्या रस्त्यालगतच्या निवासी भूखंडावर दुकाने आणि कार्यालये नियमावलीनेच मान्य केलेली आहेत. तेथे झोन बदलावा लागत नाही, आणि बांधकाम परवानगी देताना शेजाऱ्यांची सुनावणी घेण्याची तरतूदही नाही. इमारतीच्या अस्तित्वालाच विरोध करण्यात आता अर्थ नाही, हे मी सोसायटीच्या बैठकीत स्पष्टपणे सांगितले. जवळ दवाखाना येणे आमच्या गल्लीतील वृद्धांच्या सोयीचेच आहे.

खरा वाद आहे तो मंजूर नकाशात दाखवलेली जागा प्रत्यक्षात गाड्यांसाठी खुली राहणार की नाही, याचा. माहिती अधिकारात नकाशाची प्रत मिळवून आम्ही त्यातील पार्किंगचा तक्ता पाहिला. 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत वापराचा प्रकार आणि चटईक्षेत्र यांवरून चारचाकी व दुचाकींची संख्या ठरते, आणि त्या हिशेबात आम्हाला चूक सापडली नाही. परंतु चारचाकींची बरीचशी जागा तळघरातील यांत्रिक पार्किंगमध्ये दाखवलेली आहे. गाडी वर-खाली करणारी ती यंत्रणा चालवायला दिवसभर माणूस लागतो, तिच्या देखभालीचा खर्च कोणीतरी नियमितपणे उचलावा लागतो, आणि तो थांबला की काही महिन्यांत यंत्रणा बंद पडून तळघराचे गोदाम होते. ज्यांनी पुण्यातील व्यापारी इमारतींची तळघरे पाहिली आहेत, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. उरलेली जागा कर्मचाऱ्यांच्या गाड्या सकाळीच अडवतात आणि दुपारी रक्त तपासायला आलेला रुग्ण आमच्या फाटकासमोर गाडी लावतो. त्या रुग्णाशी भांडण्यात मला तरी न्याय दिसत नाही.

आणखी एक भीती आहे ती जागा विकली जाण्याची. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली स्पष्ट केले की इमारतीखालील स्टिल्टमधील, म्हणजे खांबांवर मोकळ्या ठेवलेल्या तळमजल्यातील, पार्किंग हा सामाईक भाग असून विकासकाला ते स्वतंत्रपणे विकता येत नाही. तो निकाल 1963 च्या मालकी सदनिका कायद्यावर आधारलेला होता, आणि त्या कायद्यातील ‘सदनिके’च्या व्याख्येत दुकान आणि कार्यालयही येते. तरीही एखाद्या मोठ्या गाळेधारकाने पुढच्या जागेला साखळी लावली आणि दारावरच्या रखवालदाराला तशी सूचना दिली, तर ती साखळी काढायला कोण येणार?

नियमापेक्षा दुप्पट पार्किंग मागावे, असे काही शेजाऱ्यांचे म्हणणे होते. मला ते पटले नाही. एका गाडीला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते, आणि ये-जा करण्याची वाट धरली तर तितकीच आणखी. शिवाय बाहेरचा रस्ता फुकट असेपर्यंत आतली जागा कितीही वाढवली तरी लोक रस्त्यावरच गाडी उभी करणार. पुणे महापालिकेने 2018 साली पार्किंग धोरण मंजूर केले, तेव्हा विरोधामुळे सशुल्क पार्किंग पाच रस्त्यांवर प्रायोगिक तत्त्वावर करण्याचे ठरले आणि तेही वर्षानुवर्षे रखडले. त्या विरोधात आपल्यासारखे नागरिकही होते, हे विसरून चालणार नाही.

म्हणून महापालिकेला दिलेल्या आमच्या अर्जात तीनच मागण्या आहेत. भोगवटापत्रापूर्वीच्या पाहणीत यांत्रिक पार्किंग प्रत्यक्ष गाड्या चढवून तपासावे. अभ्यागतांच्या जागा रंगाने आखून प्रवेशद्वारावर तसा फलक लावावा. आणि पार्किंगच्या जागेचा वापर पुढे बदलल्यास नगररचना अधिनियमाच्या कलम 53 खाली, म्हणजे अनधिकृत विकासाबद्दलची, नोटीस दिली जाईल, असे भोगवटापत्रातच नमूद करावे. अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर आलेले नाही. पाहणीची तारीख कळताच सोसायटीतील काही जण तेथे हजर राहणार आहेत, आणि शेजारच्या दोन सोसायट्यांनीही आपली माणसे पाठवावीत, अशी माझी विनंती आहे.