तीन चौदा आणि एक खुर्ची

४ मार्चला जर्मनीतल्या, लाइपझिगच्या आमच्या घरी ऑनलाइन मागवलेली खुर्ची आली. कुरिअरवाल्यानं १९ किलोंचं खोकं दारातच टेकवलं. चौथा मजला आहे आणि लिफ्ट नाही, हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते समजायला जर्मन यावं लागत नाही. मी आणि नवऱ्यानं मिळून ते वर चढवलं, सगळे स्क्रू पिळले आणि खोकं उत्साहाच्या भरात फाडून अंगणातल्या कागदाच्या निळ्या डब्यात टाकलं. ही पहिली चूक. (पुढे कळलं की ती चूक नव्हतीच. पण दहा दिवस मी तिच्यापायी झोप घालवली.)

खुर्ची देखणी होती. फक्त ती सहा फुटी माणसासाठी घडवलेली होती आणि मी आहे पाच फूट एक इंच. कमरेला आधार द्यायचा जो उंचवटा होता तो माझ्या पाठीत भलत्याच ठिकाणी रुतायचा. दुसऱ्या संध्याकाळी ठरवलं, ही परत करायची. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "परत करायचीच होती तर घेतलीस कशाला?" या प्रश्नाला उत्तर नाही.

खुर्ची २२९ युरोंची, पाठवणावळ ९.९०, एकूण २३८.९०. विक्रेता छोटा होता, नाव कधी ऐकलेलं नव्हतं. आगाऊ पैसे भरले तर थोडी सूट होती, म्हणून मी ते बँकेतून थेट भरून मोकळी झाले होते. याला इथे 'फोअरकासे' म्हणतात. ही दुसरी चूक, आणि ही मात्र खरी.

१० मार्चला मी विक्रेत्याला इमेल लिहिली. शाळेत पत्रलेखनाला पाचपैकी पाच मिळवणारी मी, सगळं कौशल्य पणाला लावलं. पाठीचं दुखणं, माझी उंची, घरून चालणारं काम, झालेल्या तसदीबद्दल दिलगिरी. दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यांना माझ्या पाठीबद्दल अतिशय वाईट वाटलं होतं. मात्र खुर्ची जोडून झाल्यामुळे ती परत घेता येणार नाही, सद्भावना म्हणून १०० युरोंचं 'गुटशाइन' देऊ. म्हणजे त्यांच्याच दुकानातून आणखी काही घ्यायचं कूपन.

मी ते कूपन घेणारच होते. मग आमच्या तळमजल्यावरच्या आजी मध्ये पडल्या. इथे घरी कुणी नसलं की पार्सल शेजाऱ्याकडे ठेवून जायची पद्धत आहे, आणि आमच्या इमारतीत तो शेजारी म्हणजे या आजी. आयुष्यभर विमा कंपनीत दाव्यांच्या फायली हाताळून निवृत्त झालेल्या. मी त्यांना आजी म्हणते ते फक्त मनात. समोर आडनावानंच, आणि सात वर्षांच्या शेजारानंतरही दोघी एकमेकींना 'तुम्ही'च. १५ तारखेला पार्सल घ्यायला गेले तेव्हा खुर्चीचं गाऱ्हाणं सांगितलं. त्यांनी माझी इमेल वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "हे पत्र आहे की आत्मचरित्र?"

मग म्हणाल्या, "अहो, कारण कशाला सांगता? कारण सांगितलं की समोरचा त्यावर वाद घालतो. तुमच्याकडे कारण मागितलंय कुणी?"

खरंच कुणी मागितलं नव्हतं. त्यांनी मला एक ओळ लिहून दिली: हिअरमिट विडररूफे इश डेन फेरट्राग. मी याद्वारे करार रद्द करत आहे. खाली ऑर्डर क्रमांक, माल मिळाल्याची तारीख, नाव. संपलं. मला ते उद्धट वाटलं. किमान 'कृपया' तरी घालू या म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "कृपया म्हणजे विनंती. ही विनंती नाही."

इथे जरा कायद्यात शिरावं लागेल, कारण सगळी गंमत तिथेच आहे. आपल्याकडे माल किती दिवसांत परत घ्यायचा, घ्यायचा की नाही, हे बहुतेक वेळा विक्रेताच ठरवतो आणि आपण त्याच्या साइटवर बारीक अक्षरं शोधत बसतो. इथे ते विक्रेत्याच्या हातात नाही. जर्मन नागरी संहितेत, म्हणजे ज्याला सगळे नुसतं 'बे-गे-बे' म्हणतात त्या पुस्तकात, कलम ३१२ग आणि ३५५ ऑनलाइन ग्राहकाला 'विडररूफ'चा, म्हणजे कारण न देता करार रद्द करायचा, हक्क देतात. युरोपीय संघाचा नियम १३ जून २०१४ पासून सगळ्या सदस्य देशांत सारखा झाला, त्यामुळे फ्रान्स, नेदरलँड्सकडच्या मराठी मंडळींनाही हे बरंचसं लागू आहे.

या हक्कात तीन वेगवेगळे चौदा आहेत आणि लोक ते हमखास एकात एक मिसळतात. माल हातात पडल्यापासून १४ दिवसांत करार रद्द करतोय एवढं कळवायचं. ते पाठवलं की तुमची मुदत पाळली गेली, समोरच्यानं कधी वाचलं हा त्याचा प्रश्न. कळवल्यापासून पुढच्या १४ दिवसांत माल रवाना करायचा. आणि तुमचं कळवणं पोचल्यापासून विक्रेत्यानं १४ दिवसांत पैसे परत करायचे. फक्त त्याला एक सवलत आहे: माल हातात येईपर्यंत, किंवा तुम्ही तो पाठवल्याचा पुरावा देईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर तो पैसे अडवून ठेवू शकतो. आपल्याला लहानपणापासून चौदावं रत्न तेवढं माहीत. इथे ते दाखवायची वेळ येत नाही, आधीचे तीन चौदाच पुरतात.

आणखी एक खोच. २०१४ पूर्वी इथे नुसतं खोकं परत पाठवलं तरी करार रद्द झाला असं धरत. आता तसं चालत नाही, स्पष्ट शब्दांत कळवावंच लागतं. माझ्या लांबलचक इमेलमध्ये सगळं होतं, फक्त हे एक वाक्य नव्हतं. १८ मार्चला माझी मुदत संपत होती. १५ ला संध्याकाळी ती एक ओळ गेली. (विक्रेत्यानं या हक्काची माहितीच दिली नसेल तर मुदत आणखी १२ महिन्यांनी लांबते. माझ्या विक्रेत्यानं ती दिली होती, अगदी व्यवस्थित. मीच वाचली नव्हती.)

आता प्रश्न खोक्याचा. ते तर निळ्या डब्यातून केव्हाच गेलं होतं. पण मूळ वेष्टन हवंच अशी अट विक्रेता घालू शकत नाही, माल नीट पोचेल असा बांधला की झालं. आजींच्या तळघरात कधीकाळच्या कपाटाचं खोकं निघालं. पोस्टाची मर्यादा ३१.५ किलो आणि १२० × ६० × ६० सेंटीमीटर. खुर्ची सुटी करून त्यात बसवताना नवरा म्हणाला की गणपतीचं मखर बांधायला याहून कमी वेळ लागतो. १९ मार्चला पार्सल गेलं. परतीचा खर्च माझ्या माथी, साधारण २० युरो, कारण तसं त्यांच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. पूर्वी ४० युरोंपेक्षा महाग वस्तू असली की हा खर्च बहुधा विक्रेत्यावर पडायचा, ते दिवस २०१४ मध्येच संपले. बड्या कंपन्या अजूनही फुकट परत नेतात, पण ती त्यांची मर्जी.

जमा केल्याची पावती मात्र जपायची. परतीच्या वाटेवर पार्सल हरवलं तर ती जोखीम कायद्यानं विक्रेत्याची असते, पण तुम्ही ते पाठवलं हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. मी पावतीचा फोटो त्याच दिवशी विक्रेत्याला पाठवला.

२९ मार्च, विक्रेत्याच्या चौदा दिवसांतला शेवटचा दिवस, उजाडला, मावळला. खात्यात काही नाही. मी रोज सकाळी चहाच्या आधी बँकेचं अ‍ॅप उघडायची. २ एप्रिलला १६०.३० युरो आले आणि सोबत इमेल: खुर्ची जोडून वापरल्यामुळे मूल्यात घट, सबब ३० टक्के कपात. म्हणजे ६८.७० त्यांनी ठेवून घेतले होते, आणि सुरुवातीची पाठवणावळ, ९.९०, तिचा तर उल्लेखही नव्हता.

खरं सांगते, मला वाटलं, जाऊ दे. बरेचसे आले ना. परदेशात राहणाऱ्या माणसाच्या अंगात हे 'जाऊ दे' फार मुरलेलं असतं. भाषा आपली नाही, कायदा आपला नाही, उगाच कुठे अडकायचं. पण आजींना मी हिशेब द्यायला गेले तेव्हा त्या एका खटल्याची गोष्ट सांगत बसल्या, आणि ती ऐकल्यावर मला गप्प बसवेना.

एका माणसानं इंटरनेटवरून पाण्याची गादी असलेला पलंग घेतला, १,२६५ युरोंचा. घरी जोडला, गादीत पाणी भरलं, आणि मग करार रद्द केला. विक्रेता म्हणाला, पाणी भरलेली गादी आता विकणार कुणाला? त्यानं फक्त पाणी तापवणाऱ्या यंत्राचे २५८ युरो परत केले. प्रकरण कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेलं आणि ३ नोव्हेंबर २०१० ला निकाल लागला: पूर्ण पैसे परत. दुकानात ग्राहक वस्तू बघतो, चाचपतो, जोडलेली असते तिच्यावर बसून बघतो. ऑनलाइन ग्राहकाला हे घरीच करावं लागतं, आणि पलंग जोडल्याशिवाय, पाणी भरल्याशिवाय तो कसा आहे हे कळणार कसं? आजही नियम तोच आहे. वस्तू कशी आहे, चालते का, हे तपासायला लागतं त्यापलीकडे तुम्ही ती वापरली असेल तरच घट कापता येते. महिनाभर त्या खुर्चीत बसून काम केलं असतं तर गोष्ट वेगळी. मी दोन संध्याकाळी बसले होते.

नंतर मी स्वतःच असे निकाल शोधून वाचायला लागले, हे जरा व्यसनच आहे. गादीवरचं संरक्षक प्लास्टिक काढलं तरी ती परत करता येते, असं लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयानं २७ मार्च २०१९ ला सांगितलं. तर्क असा की अंगावर घालून पाहिलेले कपडे जसे धुऊन पुन्हा विकता येतात तशी गादीही साफ करता येते. आणि एका माणसानं ऑनलाइन घेतलेल्या गाद्या दुसरीकडे स्वस्त दिसल्या म्हणून विक्रेत्याकडे ३२.९८ युरोंचा फरक मागितला, तो मिळाला नाही म्हणून करार रद्द केला. विक्रेता म्हणाला हा हक्काचा गैरवापर. कार्ल्सरूहचं न्यायालय २०१६ मध्ये म्हणालं, नाही, कारण विचारायचा तुम्हाला अधिकारच नाही. आजींचं म्हणणं अगदी शब्दशः!

तर ३ एप्रिलला पत्र लिहिलं. या वेळी कागदावर, 'आइनश्राइबन' म्हणजे रजिस्टर्ड पोस्टानं. सहा ओळी. करार १५ मार्चला रद्द केला. माल पाठवल्याचा पुरावा १९ मार्चला दिला. खुर्ची फक्त तपासण्यापुरती जोडली. कलम ३५७ नुसार सुरुवातीची साधी पाठवणावळही परत करणं बंधनकारक. बाकी ७८.६० युरो. शेवटची ओळ आजींनी लिहायला लावली: १७ एप्रिलपर्यंत खात्यात जमा न झाल्यास पुढील सूचना न देता कोर्टातून मानबेशाइड काढेन.

मानबेशाइड ही चीज मला फार आवडली. वकील लागत नाही, फॉर्म ऑनलाइन भरता येतो. कोर्ट तुमचं म्हणणं खरं की खोटं यात शिरत नाही, फी घेतं आणि समोरच्याला पैसे भरण्याचा आदेश धाडतं. त्यानं दोन आठवड्यांत हरकत घेतली तर रीतसर खटला, नाही घेतली तर तुम्ही वसुलीच्या वाटेला लागलात. आम्हा लाइपझिगकरांचे असे सगळे अर्ज श्टासफुर्ट नावाच्या छोट्याशा गावातल्या कचेरीत जातात. प्रत्येक राज्यात ग्राहकांना सल्ला देणारं केंद्रही असतं, फरब्राउखरत्सेंट्राले, तोंडात मावत नाही असं नाव. माझी वेळ दोन्हीकडे जायची आली नाही.

पत्रात तारीख घालायची, हे मला सगळ्यात जड गेलं. आपण 'लवकरात लवकर' लिहितो. इथे 'लवकरात लवकर' कुणालाच ऐकू येत नाही. 'फ्रिस्ट', म्हणजे नेमकी मुदत, ती कॅलेंडरवरच्या तारखेसकट लिहिली की त्याच कंपनीतला तोच माणूस वेगळा वागायला लागतो.

१६ एप्रिलला ७८.६० युरो जमा झाले. ना पत्र, ना इमेल, ना दिलगिरी.

मी खाली जाऊन आजींना सांगितलं. त्यांना आनंद वगैरे काही झाला नाही. "पुढच्या वेळी रेखनुंगवर घ्या," म्हणाल्या. म्हणजे आधी माल, मग बिल, मग पैसे. तसं घेतलं असतं तर पैसे माझ्याच खात्यात राहिले असते आणि पत्रं विक्रेत्याला लिहावी लागली असती.

पाठ दुखतच होती, म्हणून पुढच्या शनिवारी ठरवलं की आता ऑनलाइन नको, सरळ दुकानात जाऊ. शहराबाहेरच्या फर्निचरच्या दुकानात एक खुर्ची आवडली. विक्रेत्याला सहज विचारलं, चौदा दिवसांत परत करता येईल ना? तो हसला. तो हक्क फक्त लांबून घेतलेल्या मालाला. इथे तुम्ही समोर बसून बघू शकता, त्यामुळे दोष नसलेल्या वस्तूला परतीचा कायदा नाही. दुकानानं बदलून दिली तर ती त्यांची 'कुलान्त्स', मेहेरबानी. आणि आमच्याकडे सवलतीच्या मालाला तीही नाही.

मी त्या खुर्चीत ५० मिनिटं बसले. नवरा दोनदा कॉफी पिऊन आला.