दोन ओळींत होतं, मग आर्गपार्स कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. नाशिकमध्ये पायथन शिकवताना हा प्रश्न दर बॅचला येतोच: "सर, सिस डॉट आर्गव्हीमधून दोन शब्द उचलले की काम होतं, मग आर्गपार्स कशाला?" सिस डॉट आर्गव्ही म्हणजे कमांडच्या ओळीतल्या शब्दांची यादी, आणि आर्गपार्स म्हणजे ती ओळ वाचून तपासणारं पायथनचं मॉड्यूल.

वर्गात आम्ही कांद्याच्या बाजारभावाची स्क्रिप्ट घेतो. बाजाराचं नाव आणि महिन्याची फाइल द्यायची, ती त्या बाजाराचे किमान, कमाल आणि सरासरी भाव काढून देते. लासलगावसाठी ती बिनबोभाट चालते. मग कुणीतरी टाइप करतं:

भाव.पाय --बाजार पिंपळगाव बसवंत जून.सीएसव्ही

आणि उत्तर येतं, "बसवंत नावाची फाइल सापडली नाही." कारण तुमच्या प्रोग्रॅमला अख्खी ओळ दिसतच नाही. मधल्या जागा पाहून तिचे आधीच तुकडे होतात आणि तुकड्यांची यादी हाती येते. यादीत शून्याव्या जागी स्क्रिप्टचं नाव, मग --बाजार, पिंपळगाव, आणि तिसऱ्या जागी, जिथे तुम्ही फाइल धरली होती, तिथे बसवंत. नाव दुहेरी अवतरणात घातलं की एकच तुकडा येतो, अवतरणचिन्हं मात्र येत नाहीत. एकेरी अवतरण लिनक्सवर चालतं, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर नाही. आणि आपल्याकडच्या बहुतेक ऑफिसांत विंडोजच असतं, म्हणून सूचनांमध्ये दुहेरीच लिहा.

अवतरण विसरणारा माणूस आर्गपार्स वापरूनही विसरणारच. फरक पुढे पडतो. बाजारांची यादी आर्गपार्सच्या चॉइसेसमध्ये, म्हणजे चालणाऱ्या पर्यायांत, दिलेली असेल, तर 'पिंपळगाव' असा बाजार नाही, यातलाच एक निवडा, असं ते यादीसकट सांगतं. चूक कुठे झाली ते टाइप करणाऱ्याला तिथेच कळतं. फाइल शोधत बसायला लागत नाही. माझ्या मते आर्गपार्स वापरायला एवढं एकच कारण पुरे आहे.

पण मुलं म्हणतात, तपासणी आम्हीही लिहू. लिहा. मग कुणी --बाजार=लासलगाव असं बरोबरीचं चिन्ह घालून देईल, कारण इतर कमांडमध्ये ते चालतं. कुणी फाइल आधी आणि ऑप्शन, म्हणजे --बाजारसारखा डॅशचा शब्द, नंतर देईल. भाव दोनशेने पडला ते दिवस हवेत म्हणून कुणी --फरक -२०० देईल, आणि डॅशने सुरू होणारं सगळं ऑप्शन मानणारा तुमचा कोड '-२००' नावाचा ऑप्शन शोधत बसेल. आर्गपार्स हे सगळं सांभाळतं. -२०० ते ऋण आकडा म्हणून घेतं, फक्त तुम्ही स्वतः -२ सारखा ऑप्शन ठेवलेला नसावा. फाइलचंच नाव डॅशने सुरू होत असेल तर आधी नुसतं -- द्यायचं, म्हणजे पुढे ऑप्शन संपले. ही रीतही त्यात आहे.

हे नियम पायथनचे नाहीत. युनिक्सवर प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या पद्धतीने ऑप्शन वाचायचा, म्हणून सगळ्यांना एकाच रीतीने ऑप्शन वाचता यावेत यासाठी गेटऑप्ट हा तयार कोड आला. एटी अँड टीने १९८५ मध्ये त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. दोन डॅशचे लांब ऑप्शन ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाने रुळवले. आर्गपार्स पायथन २.७ पासून सोबतच मिळतं, वेगळं काही बसवावं लागत नाही.

दोन गोष्टी आवर्जून करा. हेल्पचा मजकूर मराठीत लिहा, कारण --हेल्प वाचणारा आडतीकडचा हिशेबनीस आहे. आणि हो-नाही स्वरूपाच्या ऑप्शनला टाइप म्हणून बूल (खरं-खोटं) देऊ नका, स्टोअर-ट्रू द्या, म्हणजे ऑप्शन लिहिला की खरं. बूलला 'फॉल्स' हा शब्द दिला तरी तो रिकामा नसल्यामुळे खराच ठरतो.

स्वतःपुरती स्क्रिप्ट आणि एकच फाइल असेल तर सिस डॉट आर्गव्ही खुशाल वापरा. पहिला ऑप्शन आला की मात्र त्याच दिवशी बदला. तुमची कमांड लोकांच्या बॅच फाइलींत, म्हणजे साठवून ठेवलेल्या कमांडच्या फाइलींत, जाऊन बसली, की मग ती बदलायला प्रत्येकाच्या टेबलापर्यंत जावं लागतं.